जयश्री काय वाजवते ते ओळखा

नरपडच्या जयश्रीला हसू आवरत नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. देवळात हसते, मयताला गेली तर तोंडात पदर कोंबून बसते. डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकताना कुणी भाव पाडून मागितला की आधी खो खो हसते आणि मग नाही म्हणते. गिऱ्हाईक बिचारं त्या हसण्यानेच गार होतं आणि तिच्या भावाने माल घेऊन जातं. चाळिशी उलटली, मुलगी लग्नाची झाली, तरी बाईच्या अंगातलं वारं काही गेलं नाही.

तिचा नवरा चिमण बोटीवर तांडेल. बोट त्याच्या हातात, खलाशी त्याच्या हुकमात, पण वर्षानुवर्षं इंजिनाच्या डोक्यावर बसून त्याचे कान मात्र कामातून गेलेले. ठार बहिरा नव्हे, पण त्याला जेवायला हाक मारायची तर शेजारच्या चार घरांतली माणसंही हात धुऊन येतील एवढ्या आवाजात मारावी लागायची. आणि जयश्रीचा धाकटा भाऊ विनोद, याची बँजो पार्टी. हळद असो, साखरपुडा असो, बोर्डीपासून चिंचणीपर्यंत कुठेही मांडव पडला की विनोदचा टेम्पो दारात हजर. पण विनोदच्या बायकोने पहिल्याच वर्षी त्याला बजावलं होतं, या घरात एक तर ढोल राहील नाहीतर मी. तेव्हापासून पार्टीची सगळी वाद्यं जयश्रीच्या पडवीत मुक्कामाला असायची.

दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर पार्टीतला जिग्नेश वापीला कारखान्यात लागला. जिग्नेश बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे ती चार जाड तारांची लांब मानेची गिटार. चाल वाजवतो बँजो, मिरवतो बँजो, नोटा उडतात बँजोवर. बेस आपला मागे उभा राहून खालून ढूम ढूम करतो. जिग्नेश गेला आणि पार्टीची ती गिटार पडवीत ढोलामागे भिंतीला टेकून राहिली, धूळ खात.

एके दुपारी जयश्री पडवी झाडत होती. गिटार पुसली, पुसता पुसता वायर स्पीकरच्या बॉक्सला लागलेली दिसली, बॉक्सचा लाल दिवाही दिसला, पण त्याचा अर्थ काय हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिने सगळ्यात जाड तारेला अंगठा मारला.

अरे देवा! फडताळातली ताटं खणखणली. उंबऱ्यावर झोपलेलं मांजर जे उठलं ते थेट शेजारच्या वाडीत दिसलं. पिंपातलं पाणी थरथरलं. आणि जयश्रीच्या पोटात, बेंबीच्या मागे कुठेतरी, असं काही गुदगुल्या झाल्यासारखं झालं की ती तिथेच जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठून दार लावलं आणि परत अंगठा मारला. मग परत. त्या दिवशी बोंबील उलटायचे राहिले.

आता हे वेड एकाएकी लागलेलं नव्हतं. लहानपणापासून कुठल्याही हळदीला गेली की जयश्री बॉक्सच्या समोर, अगदी त्याला खेटून उभी. बाकीच्या पोरी कानांत बोटं घालून लांब पळायच्या, ही छातीवर ते ढूम ढूम घेत उभी राहायची. स्वतःच्या हळदीला तर पाटावरून उठून बॉक्सपाशी गेली होती, तेव्हा आत्याने दंडाला धरून परत आणून बसवली. आणि आता येत्या वैशाखात कविताचं, तिच्या लेकीचं लग्न ठरलेलं. जयश्रीच्या मनाने घेतलं ते घेतलंच. पोरीच्या हळदीला आपण बॉक्सच्या समोर नाही, बॉक्सच्या मागे उभं राहायचं, गळ्यात गिटार अडकवून.

विनोदला सांगितलं तेव्हा तो टेम्पोला टेकून चहा पीत होता. चहा नाकातून आला.

"ताई, बेस म्हणजे बोंबील नव्हे."

"बोंबील तरी कुठे जमतात तुला? एक दिवस वाळवून दाखव."

"अगो, लोक हसतील."

"हसू देत की. मी त्यांच्या आधी हसेन."

विनोद तसा वाईट नाही, पण डांबिस. त्याने डोकं खाजवलं आणि अट घातली. हळदीला वाजल्याशिवाय राहत नाही असं एक गाणं आमच्या किनाऱ्यावर आहे, सगळे त्याला शिडाचं गाणं म्हणतात. ते वाजलं की म्हाताऱ्या काठी टाकतात आणि पोरंटोरं पत्रावळी टाकून धावतात. कुणाला ते येत नाही असा माणूस नरपडला शोधून सापडायचा नाही.

"शिडाचं गाणं बसव," विनोद म्हणाला. "एकटीने, नुसत्या बेसवर. आणि एक माणूस, फक्त एक, न सांगता ओळखू दे की हे शिडाचं गाणं आहे. मी धरायचा नाही, पार्टीतली पोरं धरायची नाहीत, कविता धरायची नाही. ओळखलं कुणी, तर हळदीला बेस तुझा. नाहीतर तलासरीहून एक वाजवणारा येईल, आणि तू पाटाशेजारी बसून रडायचं, नवरीच्या आया रडतात तसं."

"एकच माणूस?" जयश्रीला हसू फुटलं. "अरे, अर्धं गाव ओळखेल!"

विनोदही हसला. तो का हसला, ते तिला पुढे कळलं.

शिकवणार कोण, हा प्रश्न होता. जिग्नेशला फोन लावला. पोरगा गुणी. वापीच्या खोलीवर बसून त्याने शिडाच्या गाण्याचा बेस कागदावर उतरवला आणि त्याचा फोटो मोबाइलवर पाठवून दिला. कविताने उघडून दाखवला. पाहते तर काय, चार आडव्या रेघा आणि त्यांवर आकडे. सूर नाही, शब्द नाही, काही नाही.

"मावशी, ह्याला टॅब म्हणतात," जिग्नेश फोनवर म्हणाला. "चार रेघा म्हणजे चार तारा. वरची रेघ म्हणजे बारीक तार, सगळ्यात खालची म्हणजे जाड. आकडा म्हणजे मानेवरच्या कितव्या घरात बोट दाबायचं. तीन असेल तर तिसऱ्या घरात. शून्य असेल तर बोट लावायचंच नाही, तार मोकळी सोडायची. झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

जयश्रीने मोबाइल तोंडाजवळ आणला, लांब नेला, परत जवळ आणला, आणि आनंदाने मांडीवर थाप मारली. "अगो कविता, ही तर वलांडी!"

वलांडी म्हणजे बोंबील वाळवायची बांबूची मांडणी. खांब रोवायचे, त्यांना एकाखाली एक दोऱ्या ताणायच्या, आणि दोन-दोन बोंबलांचा जबड्यात जबडा अडकवून ते दोरीवर लोंबत सोडायचे. लांबून पाहिलं तर आडव्या रेघा आणि त्यांवर लटकलेला माल. कागदावरही हुबेहूब तेच होतं, बोंबलांच्या जागी आकडे. ज्या बाईने जन्मभर वलांड्या भरल्या, तिला हे काय कोणी शिकवायचं?

दुसऱ्या दिवशी डहाणू रोडला रुपलबेनच्या दुकानात जाऊन तिने त्या फोटोचा मोठा कागद काढून घेतला. रुपलबेन झेरॉक्सच्या मशीनवरून मान वर करून म्हणाली, "आ शुं छे, जयश्रीबेन? लाइटचं वायरिंग?" जयश्री इतकी हसली की रांगेतला माणूस मागे सरकला. घरी येऊन कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. शेजारचा लाहू विळा मागायला आला, तो त्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, ह्यात ओपन कुठला नि क्लोज कुठला?" त्याला ते मटक्याचे आकडे वाटले होते. कितीही समजावलं तरी त्याचा संशय गेला नाही. जाताना दोन आकडे तो हातावर लिहून घेऊन गेलाच.

जयश्री तालमीला बसली. पोरं बेस शिकतात तेव्हा म्हणे बोटांना फोड येतात. हिच्या बोटांनी काटे, मीठ, दोऱ्या सगळं पाहिलेलं, तारेचं काय घेऊन बसलात! तारच आधी दमेल अशी ती बोटं. सकाळी बोंबील टांगायचे, दुपारी शून्य-तीन-पाच करायचं. डाव्या हाताने दाबायचं, उजव्याने ओढायचं, आणि मधेच कावळा वलांडीवर बसला की गिटारीसकट अंगणात धावायचं. वायर सुटायची, बॉक्स किंचाळायचा, कावळा उडायचा. बेसचा असाही उपयोग होतो हे जिग्नेशलाही ठाऊक नसेल.

महिन्याभरात गाणं बसलं. निदान तिला तरी तसं वाटलं. थोडं चमत्कारिक वाजत होतं खरं. आधी बारीक तारेवर पिचिक पिचिक, मग जरा मोठं, आणि सरतेशेवटी जाड तारेवर नुसतं ढूम ढूम ढूम, संपता संपेना. पण जिग्नेशने लिहिलेलं, कागदाप्रमाणे वाजवलेलं, म्हणजे बरोबरच असणार. कविताने मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलं आणि जयश्री ते घेऊन बाजारात गेली.

"ओळखा पाहू," असं म्हणून तिने आल्यागेल्याच्या कानाला मोबाइल लावला. एकजण म्हणाला, नळाला पाणी येतंय. दुसरी म्हणाली, पोट बिघडलंय वाटतं कुणाचं. रुपलबेनने शेवटपर्यंत नीट ऐकलं, सहानुभूतीने जयश्रीच्या हाताला हात लावला आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचं दुकान दाखवलं. लाहूने ऐकलं आणि पुढचे आकडे कधी येणार ते विचारलं.

विनोदला हे कळलं तेव्हा तो ओट्यावर अक्षरशः लोळला. जयश्री त्याच्यावर चिडली, पण चिडताना तिलाही हसू आलं, आणि मग तिला स्वतःचाच राग आला. तिने जिग्नेशला फोन लावला, मोबाइल बॉक्ससमोर ठेवला आणि सगळं गाणं वाजवून दाखवलं.

"मावशी," जिग्नेश पलीकडून म्हणाला, "हे काय होतं?"

"तूच लिहिलेलं! वरची दोरी भरली, मग दुसरी, मग तिसरी, मग खालची."

"दोरी?"

"अरे, रेघ रे! या टोकापासून त्या टोकापर्यंत वरची पुरी करायची, मग तिच्या खालची घ्यायची. खालची आधी भरली तर वरची भरताना ओले बोंबील लुगड्याला लागतात, एवढंही कळत नाही तुला?"

वापीच्या खोलीवर जिग्नेश हसायला लागला तो थांबेना. त्याचा श्वास अडकतोय की काय अशी तिला काळजी वाटली. कसाबसा सावरून त्याने सांगितलं, "मावशी, चारही दोऱ्या एकदम भरायच्या. असं समज, चार दोऱ्यांवर चार बायका उभ्या आहेत आणि चौघी एकदमच पुढे सरकतायत. जिच्या समोर बोंबील आला तिने टांगला. कधी खालचीसमोर येईल, कधी वरचीसमोर. पण चालायचं चौघींनी बरोबर."

"अगोबाय!" जयश्रीने कपाळावर हात मारला. महिनाभर तिने शिडाच्या गाण्याचे चार तुकडे करून एकामागे एक वाळत घातले होते. ती जी हसत सुटली, ती फोन ठेवल्यावरही भिंतीला धरून हसतच होती. कविता स्वयंपाकघरातून धावत आली, तिला कारण कळलं आणि मग दोघी हसल्या.

मग मात्र गाणं भराभर आलं. कागदावर कुठे बोट ठेवायचं ते लिहिलेलं, पण किती वेळ थांबायचं, कुठे घाई करायची, ते लिहिलेलं नव्हतं. त्याची तिला फिकीर नव्हती. शिडाचं गाणं तिच्या हाडात होतं. मनातल्या मनात गाणं म्हणायचं आणि बोटांना सोडून द्यायचं. पहिल्यांदा अख्खं कडवं न चुकता वाजलं तेव्हा तिने गिटारीचा मुका घेतला. आणि विनोदला निरोप धाडला, ये, आता ऐक.

विनोद आला. ऐकत असताना त्याचा चेहरा बदलला. "ताई," तो म्हणाला, "बरोबर वाजवतेस गो." मग म्हणाला, "पण अट ती अट."

जयश्रीने त्या क्षणी शेजाऱ्यांना हाका मारल्या. लाहू आला, त्याच्या घरची आली, अंगणभर माणसं जमली. जयश्रीने वाजवलं. एकही चूक नाही. आणि अंगण नुसतं तिच्याकडे बघत राहिलं.

"चिकूच्या वाडीतला पंप?" लाहू म्हणाला.

"आरती?" त्याची बायको म्हणाली.

"अरे, शिड—" असं जयश्रीच्या ओठांवर आलं होतं, तोच विनोदने तिच्या तोंडावर हात ठेवला. आणि तेव्हा तिला कळलं तो पहिल्या दिवशी का हसला होता ते. चाल बँजोची, शब्द गाणाऱ्याचे. ते दोन्ही काढून घेतलं तर खाली उरतं ते आजवर कुणी वेगळं ऐकलेलंच नसतं. सगळे त्यावर नाचतात, पण त्याला ओळखत कुणीच नाही.

सायवनहून ठकी सुकी मासळी घ्यायला यायची, आठवडी बाजारात विकायला. तिने टोपली खाली ठेवून ऐकलं. ऐकता ऐकता तिचे पाय हलायला लागले आणि जयश्रीच्या जिवात जीव आला. "कुठलं गो? सांग, सांग!" ठकी म्हणाली, "नाव काय म्हाईत नाय बाय. पण पाय ऱ्हात नाय." विनोदने मान हलवली, पाय धरायचे नाहीत.

दिवस भराभर गेले. पत्रिका वाटून झाल्या, मांडवाचे बांबू येऊन पडले. जयश्री दिसेल त्याला पकडून वाजवून दाखवत होती, पोस्टमनला, गॅसवाल्याला, व्याह्यांकडून मानपानाचं विचारायला आलेल्या पाहुण्यांना. पाहुणे घाबरून लवकर गेले. कविताने डोक्याला हात लावला, "आई, लग्न मोडशील माझं!" दोघी हसल्या. पण त्या वेळी हसताना जयश्रीचा आवाज फुटला आणि ती एकदम रडायला लागली. कविताने आईला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. "मला रडायचं नाही गो तुझ्या हळदीला," जयश्री नाक पुसत म्हणाली. "पाटाशेजारी बसले तर दिवसभर रडतच बसेन. मला ठाऊक आहे माझं. हातात गिटार असली तर निभेल."

हळदीच्या आदल्या दुपारी विनोद टेम्पो घेऊन आला. तलासरीचा वाजवणारा संध्याकाळी एकदा तालमीला येणार होता, त्याच्यासाठी गिटार न्यायची होती. विनोदलाही काही आनंद झाला नव्हता. तो पडवीच्या खांबाशी उभा राहून नखं चावत होता.

"एकदा वाजवू दे," जयश्री म्हणाली. "मग ने."

तिने बॉक्स पडवीतल्या लाकडी बाकावर चढवला, गिटार गळ्यात अडकवली आणि सुरू केलं. कुणाला ऐकवायचं नव्हतं, कुणी ओळखायचं नव्हतं. त्यामुळेच की काय, इतकं सुरेख तिने कधी वाजवलं नव्हतं.

तेवढ्यात चिमण आला. लग्नासाठी म्हणून समुद्रावरून आजच परतलेला. गाणं बसवायला घेतल्यापासून त्याच्या फेऱ्याच चाललेल्या, घरी यायचा तो आडवा होण्यापुरता, आणि तो घोरत असताना जयश्री बॉक्सला हात लावत नसे. खांद्यावर जाळ्याचा भारा, अंगाला मिठाची पांढरी पुटं. बायकोकडे लक्ष नाही, मेव्हण्याकडे लक्ष नाही. भारा टाकला आणि सगळ्यांकडे पाठ करून तो बॉक्सच्या शेजारी, त्याच बाकावर, धप्पकन बसला. गमबूट काढायला वाकला. एक काढला. दुसरा अर्धा निघाला आणि त्याचा हात थांबला.

"आयला," चिमण मोठ्याने म्हणाला, कारण हळू बोलणं त्याला येतच नाही. "शिडाचं गाणं आज घरात कुणी लावलं?"

जयश्रीची बोटं तारांवर तशीच राहिली. विनोदचा आ वासलेला.

"काय म्हणालात?" ती ओरडली.

"शिडाचं गाणं! मग थांबवलं का? लाव ना!"

"चिटिंग!" विनोद उसळला. "ताई, तू भावोजींना सांगून ठेवलं होतंस!"

"मी सांगितलं?" जयश्री कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्यांना? अरे, ह्यांना एक गोष्ट सांगायची तर अख्ख्या नरपडला ऐकू जाते. मी सांगितलं असतं तर लाहू पंप म्हणाला असता का?"

दाराबाहेर माणसं गोळा झाली होती, त्यांतला लाहूही म्हणाला, बरोबर आहे, आम्हाला काही ऐकू आलं नाही. पण विनोद हट्टी. तो चिमणच्या कानाशी वाकून ओरडला, "भावोजी, म्हणून दाखवा बघू ते गाणं!"

चिमणने गमबूट बाजूला ठेवला, घसा साफ केला आणि सुरू झाला. "ढूम, ढुढूम ढूम. ढूम, ढुढूम ढूम..." एक शब्द नाही. चाल नाही. जे जयश्री कागदावरून बोट बोट लावून शिकली होती, नेमकं तेच, थांबायच्या जागी थांबत, घाईच्या जागी घाई करत, डोळे मिटून.

"अहो, हे काय गाता?" जयश्रीला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. "शब्द कुठायत?"

"शब्द?" चिमणने डोळे उघडले. "बोटीवर पोरं गाणी लावतात, तो बॉक्स माझ्या बसायच्या फळीखाली ठोकलाय. इंजिनापुढे मला कानाने काय ऐकू येतंय कप्पाळ! खालून येतं ते ऐकतो. हे शिडाचं. ते दुसरं ढूम-ढूम-ढूम, ते नारळी पुनवेचं. सगळी पाठ आहेत मला." तो सगळ्यांच्या तोंडाकडे पाहू लागला. "का? ह्याच्यावर आणखी काही असतं का?"

अंगणात जो हशा उठला तो विचारू नका. लाहू वलांडीला धरून हसला आणि ओल्या बोंबलांची एक दोरी खाली आली. विनोद खांबाला कपाळ टेकून हसत होता, मधेच टेम्पोच्या पोराला हाताने खुणावत होता, जा, तलासरीला फोन लाव, नको म्हणून सांग. एकटी जयश्री हसत नव्हती. लग्न झाल्यापासून हा माणूस जेवता जेवता, जाळी शिवता शिवता, असं ढुढूम ढूम करायचा, आणि ती म्हणायची, देवाने ह्याला सूर म्हणून दिला नाही. ती त्याच्या शेजारी बाकावर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याच्याशी ओरडून बोलावंसं वाटलं नाही. तिने नुसती जाड तार ओढली. बाक थरथरला आणि चिमण हसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव माणसांनी फुलला होता. जयश्रीने लेकीला हळद लावली, आणि हात न धुताच येऊन गिटार गळ्यात अडकवली. गिटारीच्या काळ्या मानेवर पिवळे ठसे उठले. बायका कुजबुजल्या, नवरीची आई आणि हे काय! पाटावरून कविता ओरडली, "वाजव गो आई!" आणि विनोदने शिडाचं गाणं काढलं.

म्हाताऱ्यांनी काठ्या टाकल्या. पोरं धावली. ठकी सायवनहून आली होती, तिचे पाय आज तिला कुठल्या कुठे घेऊन गेले. चिमण मात्र, हळद कुणाचीही असो, नेहमी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहायचा, सगळ्यांचा उडालेला गोंधळ बघत. आज तो खांब सोडून आला. गर्दीतून वाट काढत बॉक्सपाशी आला, चप्पल काढून बॉक्सच्या फळीवर एक अनवाणी पाय ठेवला, आणि दुसऱ्या पायावर, हात वर करून, नाचायला लागला. जगाचं लक्ष बँजोकडे होतं. चिमणचं लक्ष बायकोच्या बोटांकडे होतं. ती जिथे थांबली तिथे तो थांबला, ती जिथे धावली तिथे तो धावला. जयश्रीचे डोळे भरून आले होते, आणि तरी बोट एकदाही चुकलं नाही.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. विनोदने दुसरं गाणं काढायला बँजोवर हात ठेवला.

"परत लाव!" चिमण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला. "जयश्री, तेच परत लाव!"

आणि जयश्रीने विनोदकडे न बघताच सुरू केलं.